असिनातेच्या मागे सगळी गावं

…आणि वर मलाच विचारताय, बोट का सुटत नाही म्हणून? मला? अहो मावशी, मी काय कप्तान आहे? ती कोंबड्यांची टोपली जरा पायाशी सरकवा, इकडे चटईवर ऐसपैस बसा, आणि आधी मला सांगा, कप्तान काय म्हणाला तुम्हाला? "तयार आहे" म्हणाला ना? म्हणणारच! इंजिन तयार, दोर सोडणारा तयार, सामान चढवून तयार, आणि बोट बघावं तर जागची हलत नाही. तयार म्हणे! तुम्हाला सांगते, ह्या एका शब्दाने गेल्या आठवड्यात माझं रक्त आटवलंय. आता कोणी माझ्यासमोर "तयार" म्हटलं ना, की मी आधी दोर सुटलाय का ते बघते…

हसताय? हसा. तुमच्या घरी ढग नाही वाटतं.

आमच्या घरी आहे. म्हणजे घरात नाही, असतो तो लांब, सिडनीला की कुठे, पण त्याचा ताप मात्र आमच्या सावुसावुच्या स्वयंपाकघरात. माझा नवरा इसिकेली नकाशांच्या कचेरीत कामाला. कचेरी सुवाला आणि हा इथे, माझ्या भाजी चिरायच्या टेबलावर संगणक मांडून. गावागावांवरून ड्रोन उडवून फोटो काढून आणलेत, पोत्याने फोटो, ते जोडून एकेका गावाचा नकाशा करायचा आणि वादळात समुद्र आत शिरला तर पाणी कोणाच्या पायरीपर्यंत येईल ते त्यावर निळ्या रंगात दाखवायचं. काम चांगलं आहे हो, लोकांचे जीव वाचवायचं आहे, पण एवढं जोडकाम ह्याच्या संगणकाच्याने होतंय थोडंच? त्याच्यावर बाळाच्या आंघोळीचा व्हिडिओ लावला तरी तो धापा टाकतो. म्हणून ते ढगात द्यायचं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वर बघितलं होतं, खोटं कशाला सांगू! तर ढग म्हणजे वरचा ढग नाही. कुठल्यातरी गोदामात दुसऱ्याची यंत्रं ओळीने लावलेली असतात, आपण म्हणायचं, बाबा, मला एवढी द्या, काम झालं की परत घ्या. मोठं जेवण घातलं की आपण भावकीतली पातेली मागून आणतो ना, तसं. आणि पातेली आणली की लिहून द्यायचं, हे गाव ह्या पातेल्यात, ते गाव त्या पातेल्यात, हे शिजल्याशिवाय ते चढवायचं नाही, आणि एखादं करपलं तर पुन्हा किती वेळा चढवायचं. एकेका गावाचं एकेक काम, आणि सगळी कामं एका रांगेत. एकदा लिहून दिलं की आपण मोकळे, ती आपली आपण पळतात. असं हा मला लग्नाआधी सांगायचा. लग्नाआधी काय, काहीही सांगतात.

आता ह्या रांगेची मुख्य कोण? ह्याची बहीण! सख्खी, थोरली, आकानिसी. सुवाच्या कचेरीत तीच ह्याची साहेब. आणि तुम्ही शहरातली माणसं पाळत नसाल, पण आमच्या सासरी अजून काटेकोर पाळतात. भाऊ-बहीण वयात आले की एकमेकांशी थेट बोलायचं नाही, एका चटईवर बसायचं नाही, मान ठेवायचा. ठेवा की! मी कुठे नको म्हणते? पण साहेब बहीण, हाताखाली भाऊ, आणि बोलायचं नाही… मग बोलणार कोण? हं? ओळखलंत!

तुम्ही म्हणाल, ईमेल पाठवावा. पाठवते की. मला पाठवते. मी तो ह्याला मोठ्याने वाचून दाखवते, माझी शाळा सातवीपर्यंतची, मध्येच असा शब्द येतो की जीभ दुमडते, पण वाचते. मामंजींकडून निरोप धाडावा, तर ते पडले आमच्या सरदाराचे, रातूंचे, भालदार. सरदाराच्या वतीने बोलायचं हा त्यांच्या घराण्याचा मान, तो अंगातच मुरलेला. साधं "मीठ संपलं" सांगायचं तरी आधी खाकरणार, मग जमलेल्या थोरामोठ्यांना वंदन, मग पूर्वजांना, मग समुद्राला, आणि मीठ येईपर्यंत बाकीच्यांची जेवणं उरकलेली असतात. म्हणून सगळे निरोप माझ्याकडून. फोन वाजतो.

"केलेरा, त्याला विचार, कामं सुटली का?"

फोन स्पीकरवर. हा माझ्यापासून हातभर. त्याला शब्द न् शब्द ऐकू आलेला. तरी मी वळायचं आणि विचारायचं, कामं सुटली का?

"सांग, तयार आहेत."

तिलाही ऐकू गेलेलं. तरी मी फोनकडे वळायचं आणि सांगायचं, तयार आहेत.

"तयार आहेत तर निघत का नाहीत?"

वळा. निघत का नाहीत?

"सांग, निघतील."

वळा. निघतील… अहो माझी मान! एका कडेला बाळ, एका हातात फोन, चुलीवर पातेलं, आणि मी आपली इकडून तिकडे, तिकडून इकडे, वाऱ्यावर टांगलेल्या पाटीसारखी!

आता ह्यात माझं काय जात होतं म्हणाल, तर माझं माहेर जात होतं. माझी लेक असिनाते झाली सासरी. तिचा चेहरा माझ्या माहेरच्या गावाला रीतीने दाखवायचा राहिला होता, आणि तो दाखवल्याशिवाय मी तिला घेऊन तिकडे पाऊल टाकायचं नाही. आणि दाखवायला न्यायचं म्हणजे बाप हवा, आत्या हवी, बापाची भावकी हवी, चटया हव्यात, झाडाच्या सालीचं कापड हवं, मानाचा देवमाशाचा दात हवा, पुढे रातू आणि त्यांच्या वतीने बोलायला मामंजी. ती मोट मी कशीबशी बांधली, माझ्या माहेरच्या कोरो बेटाला जाणारी शुक्रवारची बोट ठरवली. आणि तिकडे माझी बुबू, माझ्या आईची आई, रोज फोनवर. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्यात पिकायला लागलेला. मी तिला म्हटलं, बुबू, जरा दम धर, ह्याची ढगातली कामं अडकलीत, ती झाल्याशिवाय कचेरी ह्याला सोडत नाही, आणि बापाशिवाय बाळाचा चेहरा दाखवता येत नाही.

तर म्हणते कशी, "माझ्याही डोळ्यात ढगच आलाय गं. त्यातून दिसतंय तोवर आणा."

फोन ठेवला आणि मोरीत जाऊन रडले. नळ सोडून, म्हणजे ह्याला ऐकू जायला नको.

कामं झाली तर बोट, बोट मिळाली तर बुबू. आणि कामं? कामं तयार!

आमचा इसिकेली माणूस वाईट नाही हो. फार सभ्य आहे, तीच अडचण आहे. त्याच्या आधीच्या आठवड्यात काय केलंन माहीत आहे? आमच्या रातूंच्या गावाला ढगातलं सगळ्यांत दांडगं यंत्र दिलं. गाव केवढं? एक चर्च, एक रग्बीचं मैदान आणि मूठभर घरं. आणि खाडीवरच्या त्या अवाढव्य वस्तीला दिलं एवढुसं यंत्र! ते बिचारं फोटो गिळता गिळता पोट फुटून मेलं. पुन्हा उठवलं, पुन्हा मेलं. पुन्हा उठवलं, पुन्हा मेलं. सुवाहून फोन, त्याला विचार, यंत्र गावाच्या आकाराने द्यायचं की मानाने? वळा. हा म्हणतो, रातूंना लहान यंत्र कसं द्यायचं, त्यांना कळलं तर? वळा. ती म्हणते, "त्याला सांग, यंत्र सिडनीत आहे. रातू तिथे मोजायला जाणार नाहीत." ते एकदाचं निस्तरलं, लहान गावाला लहान, मोठ्याला मोठं. मी म्हटलं, चला, सुटलो. कुठले सुटतोय!

सोमवारी ह्याने पुन्हा रांग लावली. ह्यानेच एक राखणदार लिहून ठेवलाय त्या संगणकात, कोण कोणाच्या मागे लावलंय ते बघून एकेकाला सोडणारा. तो पडद्यावर प्रत्येक गावापुढे एक शब्द दाखवतो. आधी येतं "रांगेत". मग "तयार". मग "चालू". मग "झालं", नाहीतर मग "फसलं". सोमवारी सगळीच्या सगळी गावं "तयार" झाली. मी खूश! कसाव्याचे कंद सोलायला घेतले, बोटीवर न्यायला. मंगळवारी बघते, तयार. बुधवारी बघते, तयार. अख्खा प्रांत न्हाऊनधुऊन, भांग पाडून, पायरीवर उभा, आणि पहिलं पाऊल कोणी टाकत नाही! "फसलं" तरी म्हणा की मेल्यांनो! फसलं म्हटलं तर माणूस दुसरं काही करतो, डोकं धरतो, पुन्हा लावतो. तयार असलेल्याचं काय करायचं? त्याला रागावता पण येत नाही. तयार म्हणे!

त्यात बाळाला शिंक आली. एकच. पण मला वाटलं, झालं, माझ्या काळजीने दूध बिघडलं, दुधातून ते बाळाला बाधलं, आता बोट सुटली तरी बाळ आजारी, बाळ बरं झालं तरी बुबूचा डोळा… तुम्हाला सांगते, मी त्या शिंकेवरून बुबूच्या डोळ्यापर्यंत एका दमात पोचले. मग कळलं, शेजारी मिरच्या भाजत होत्या.

आणि हा खात होता! हा काही लपवायला लागला ना, की खातो. उकडलेला कसावा समोर दिसला की एक तुकडा तोंडात, आणि तोंड भरलेलं असलं की बोलायला नको. सुवाहून फोन, त्याला विचार, कोण कोणामागे लावलंय? वळा. तोंडात कसावा. "सांग, रीतीने लावलंय." वळा. रीतीने लावलंय. "कुठल्या रीतीने?" वळा. दुसरा तुकडा. पातेलं रिकामं झालं, मी पुन्हा सोलायला बसले. बोटीवर न्यायच्या कसाव्यातला निम्मा ह्या एका प्रश्नाने खाल्ला.

शेवटी गुरुवारी आकानिसी आली, विमानाने, एवढी मोठी बॅग घेऊन. आत्या म्हणून तिला बोटीवर यायचंच होतं. आली ती थेट स्वयंपाकघरात, आणि भावाकडे पाठ करून बसली. ह्याने खुर्ची भिंतीकडे फिरवली. दोघांच्या पाठी एकमेकांकडे, मधे मी, आणि माझ्यामागे चुलीवर अळूची पानं नारळाच्या दुधात. आमच्यात नणंद-भावजयीत थट्टा चालते, तर बसता बसता म्हणते, "काय गं केलेरा, नवऱ्याला खाऊ घालून घालून ढगाएवढा केलास, म्हणून कामं हलत नाहीत वाटतं." मी म्हटलं, "तुझ्याच आईने पाया भरून पाठवलाय, मी नुसत्या भिंती चढवल्या." हसलो, आणि मग सुरू. त्याला विचार. वळा. तिला सांग. वळा. ढवळा. त्याला म्हण. वळा. तिला कळव. ढवळा. वळा… आणि पानं खाली लागली. वास सुटला. तिकडे बाळाने भोकाड पसरलं.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी बाळाला उचललं, दोघांच्या मधोमध चटईवर बसवलं, नुकतीच बसायला शिकली होती, पाठीमागे उशी लावली, आणि म्हटलं, "आता मी वळणार नाही. काय बोलायचं ते हिच्याशी बोला."

आणि पाठ फिरवून पातेल्याचा तळ खरवडायला लागले.

बाळ रडायचं थांबलं, बघायला लागलं, ह्या पाठीकडे, त्या पाठीकडे. मग आकानिसीने हळूच मान वळवली, बाळापर्यंतच, पुढे नाही.

"असिनाते, तुझ्या बापाला विचार, रातूंचं गाव कोणाच्या मागे लावलंय?"

बाळाने बापाकडे बघितलं. फुकट! माझ्यासारखी कुरकुर नाही, काही नाही.

"असिनाते, तुझ्या आत्याला सांग… भालदाराच्या गावाच्या मागे."

बाळाने आत्याकडे बघितलं.

"मग विचार, भालदाराचं गाव कोणाच्या मागे?"

मी डाव हातात धरून उभी. ह्याने टेबलावर हात फिरवला. कसावा संपला होता.

"असिनाते, सांग… रातूंच्या गावाच्या मागे."

आलं लक्षात? तर झालं होतं असं. नकाशे ज्या क्रमाने ढगातून उतरणार, त्याच क्रमाने प्रांताच्या सभेत भिंतीवर लागणार होते. मग कोणाचा पहिला? सोमवारी सकाळी यांगोनाच्या मुळीचं पाणी पिताना मामंजी ह्याला म्हणाले, भालदार पुढे गेल्याशिवाय सरदार आलेत हे लोकांना कळणार कसं, आमच्या मूळ गावाचं आधी. हा म्हणाला, हो. दुसरा प्याला फिरला, रातू म्हणाले, मी पाठवल्याशिवाय भालदार निघणारच कसा, माझ्या गावाचं आधी. हा म्हणाला, हो. दोघांचंही बरोबर, आणि दोघंही वडीलधारे, मग नाही कोणाला म्हणायचं? घरी आला आणि दोन्ही लिहून मोकळा झाला! हे त्याच्या मागे, ते ह्याच्या मागे, आणि उरलेला अख्खा प्रांत त्या दोघांच्या मागे. म्हणजे तिकडे सिडनीच्या गोदामात आमची दोन गावं दाराशी उभी राहून एकमेकांची वाट बघत होती, आणि मागची गावं मान खाली घालून गप्प. आणि तो राखणदार प्रत्येकाला सांगत होता, तयार! आणि गंमत म्हणजे ह्याला मंगळवारीच कळलं होतं. पण थोरल्या बहिणीला, तेही बायकोच्या तोंडून, सांगायचं कसं, की मला बापाला नाही म्हणता आलं नाही म्हणून प्रांत अडलाय?

आकानिसीला हसू आवरेना. भावासमोर खिदळायचं नाही, म्हणून तिने बाळाला उचललं आणि बाळाच्या पोटात तोंड खुपसून हसली. बाळाला गुदगुल्या झाल्या, ते हसायला लागलं. भिंतीकडे तोंड केलेल्या ह्याचे खांदे गदागदा हलायला लागले. मी म्हटलं, हसा, हसा, माझी पानं करपली, माझी बोट चालली, तुम्ही हसा… आणि मलाच हसू फुटलं.

आता तुम्ही म्हणाल, दोघांतलं एक पुढे करायचं, विषय संपला. कोणतं? अंगणात मामंजी आणि रातू यांगोना पीत बसलेच होते. हा गेला, मान खाली घालून सगळं सांगितलं. मामंजींनी खाकरून वंदनं सुरू केली ती समुद्रापर्यंत पोचायच्या आत रातूंनी हात वर केला. म्हणाले, एवढी लोकं अडली असतील तर भालदाराचं जाऊ दे आधी, माझं काय. मामंजी म्हणाले, छे छे रातू, तुमच्या आधी मी? असं होणे नाही, तुमचंच आधी. घ्या! सोमवारी दोघांनाही पुढे जायचं होतं, गुरुवारी दोघांनाही मागे राहायचं. आधी तुम्ही. नाही, आधी तुम्ही. प्याला फिरतोय, सूर्य उतरतोय…

तेव्हा दारातून आकानिसी म्हणाली, "असिनाते, तुझ्या बापाला सांग, सगळ्यांच्या पुढे एक रिकामं काम टाक."

रिकामं काम म्हणजे असं, की त्याला नकाशा करायचा नाही, फोटो जोडायचे नाहीत, काही म्हणजे काही करायचं नाही. नुसतं सुरू व्हायचं आणि संपायचं. बाकी सगळी गावं त्याच्या मागे, एकमेकांच्या मागे कोणीच नाही. ते झालं की सगळी एकदम सुटणार, ज्याचं आधी होईल त्याचं होईल. फक्त त्याला नाव द्यावं लागतं. नाव काय द्यायचं म्हणून सगळे इकडेतिकडे बघायला लागले, आणि बघता बघता सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी.

रातूंनी प्याला खाली ठेवला. म्हणाले, "बाळ पुढे गेलं तर कोणाचा मान कमी होतो? उद्या आपण तरी कोणाच्या मागे निघालोय?"

संपलं! ह्याने टाइप केलं. मी पडद्यासमोर, बाळ कडेवर. असिनाते, रांगेत. असिनाते, तयार. तयार म्हणे! असिनाते, चालू. असिनाते… झालं! काहीच न करता! आणि तुम्हाला सांगते मावशी, त्याबरोबर ती सगळी गावं अशी सुटली, अशी सुटली, शाळा सुटल्यासारखी! चालू, चालू, चालू, चालू. खाडीवरची ती पोट फुटणारी वस्ती, चालू. एकाचं यंत्र मधेच कोणी काढून घेतलं, स्वस्तातली यंत्रं होती ना, ती अशीच काढून घेतात, ते फसलं, पण राखणदाराने त्याला पुन्हा उठवून रांगेत उभं केलं, ते पण चालू. मग संध्याकाळची प्रार्थना सुरू झाली. मामंजींची प्रार्थना, म्हणजे वेळ भरपूर. सगळ्यांचे डोळे मिटलेले, माझा एक उघडा, ह्याचे दोन्ही. तिकडे एकेक "झालं", "झालं" उतरतंय. शेवटचं गाव "झालं" झालं आणि मामंजी म्हणाले, आमेन. मी इतक्या जोरात आमेन म्हटलं की कोंबड्या झाडावरून उतरल्या. भालदाराच्या गावाचा नकाशा कुठेतरी मधे लागला होता, रातूंचा त्याच्या जरा आगेमागे. कोणी विचारलंसुद्धा नाही.

करपट अळूची पानं पण सगळ्यांनी वाढून वाढून घेतली त्या दिवशी.

शुक्रवार. धक्का. बोट तयार. चटया, कापड, देवमाशाचा दात, भावकी, सगळं तयार. आणि फळीपाशी रातू आणि मामंजी. "चढा रातू." "भालदाराने आधी जावं." "तुमच्या आधी?" "मग लोकांना कळणार कसं मी आलो ते?" कप्तान भोंगा वाजवतोय, मी मनात म्हणतेय, देवा, पुन्हा नको! पण ह्या वेळी आमच्या इसिकेलीने एक पण "हो" म्हटलं नाही. त्याने असिनातेला माझ्या कडेवरून घेतलं, फळीवरून पुढे गेला, आणि म्हणाला, "असिनाते चढली." बस! तिच्यामागे रातू, तिच्यामागे मामंजी, तिच्यामागे आत्या, तिच्यामागे भावकी, चटया, सगळे भराभर. मी म्हटलं, किती छान, किती शहाणा माझा नवरा, आणि ट्रकमध्ये राहिलेलं कसाव्याचं पातेलं आणायला वळले.

पातेलं घेऊन येते, तर बोट हातभर लांब.

मग दोन हात. मग दहा. अहो, मी धक्क्यावर, माझं बाळ बोटीत! हा पुढे तोंड करून बसलेला, छाती फुगवून, मांडीवर लेक. आणि मागे कोण? आकानिसी. तिने मला बघितलं. स्पष्ट बघितलं. मी पातेलं हलवलं. तिने माझ्याकडे बघितलं, भावाच्या पाठीकडे बघितलं, मग बाळाकडे बघितलं. बाळ झोपलेलं! आता कोणाला सांगणार? गेली स्वतःच्या बापाकडे. मामंजींनी ऐकून घेतलं, उठून उभे राहिले, खाकरले, आणि मला धक्क्यावर ऐकू आलं, "आदरणीय रातू, जमलेली भावकी, आणि आम्हाला वाहून नेणाऱ्या ह्या समुद्रा…"

मी पातेल्यावर बसले. तुम्हाला सांगते, उठून ओरडायचं पण त्राण नव्हतं. समुद्राचं वंदन संपेपर्यंत ते कोरोला पोचले असते! पण बाळाला भूक लागली. जागं झालं, आणि असं रडलं, असं रडलं, की ह्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, दूध पाजणारी कुठे दिसेना, आणि मग मागे बघितलं. कप्तानाने बोट वळवली. मी चढले, पातेल्यासकट. आणि हा मला काय म्हणतो? "अगं, तू तयार नव्हतीस का?"

मी वळून असिनातेला म्हटलं, "तुझ्या बापाला सांग, तुझी आई सोमवारपासून तयार आहे."

पोचलो. मामंजी बुबूच्या दारात उभे राहून खाकरायला लागले, तर आतून बुबू म्हणाली, भाषणाला कान चांगले आहेत माझे, चेहरा आधी इकडे द्या. आणि तिने बाळाचा चेहरा असा, चांगल्या डोळ्याच्या इतक्या जवळ धरला, की बाळाने तिचं नाकच धरलं… राहू दे, ते सांगायला लागले तर पुन्हा मोरी शोधावी लागेल.

आणि आता तुम्ही विचारताय, ही परतीची बोट का सुटत नाही म्हणून. ती बघा, धक्क्यावर, त्या केळ्यांच्या घडांशेजारी बसलीय, निळ्या झग्यातली म्हातारी. तीच बुबू. मांडीवर असिनाते. आम्ही चढत होतो तर म्हणाली, एकदा बघू दे. मी दिली, आणि ह्या वेळी मागे राहायचं नाही म्हणून मीच सगळ्यांच्या आधी येऊन बसले! आता रातू मामंजींना म्हणतायत, तुम्ही सांगा त्यांना. मामंजी म्हणतायत, तुमच्या आज्ञेशिवाय? हा म्हणतोय, बायकोच्या आजीला मी कसं सांगू? आकानिसी म्हणतेय, बाळाकडून सांगावं तर बाळच तिकडे. कप्तान तर बुबूचा पुतण्याच. म्हणून शेवटी मी इथूनच ओरडून सांगितलं, बुबू, आम्ही सगळे तयार आहोत.

तर तिने मान पण वर केली नाही. म्हणाली, "मी नाही अजून."

अख्ख्या आठवड्यात तयार नसलेलं हे एकच माणूस भेटलं मला! सरका थोड्या मावशी, हे पातेलं मधे ठेवते, घ्या एकेक तुकडा. कोंबड्यांना पण टाका. बोट काय, बोट तयार आहे.